मोगली आमच्या वैनगंगेचा
काल पोराला मोबाईलवर मोगली लावून दिला न स्वतःच पाहत बसलो, जेवण थंडं झालं तरी हललो नाही.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात लाईट हमखास जायची, मग काका ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीले जोडायचा न मी छपरीवर चढून अँटेना फिरवायचो, खालून सगळे ओरडत "आलं आलं… गेलं बे!" अर्धा एपिसोड तर मी नुसता ऐकलाच हाय. शेरखानले आवाज नाना पाटेकरचा, छपरीवर बसूनही भेव वाटे.

हे कार्टून जपानचं हाय हे लय उशिरा समजलं. निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ मधे बनवलं, ५२ भाग. त्याच्या आधी १९७४ मधे ताकाहाता इसाओ या जपानी दिग्दर्शकानं 'हायडी' हे स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या पोरीचं कार्टून केलं, त्यासाठी टीम स्वित्झर्लंडले जाऊन डोंगर, घरं पाहून आली, म्हणून त्यातलं वितळलेलं चीज पाहून आपल्याले भूक लागते.

पण मोगलीची गोष्ट ज्यातली, ते किपलिंग या इंग्रज लेखकाचं 'जंगल बुक' पुस्तक १८९४ चं, त्यातलं जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं न नदी वैनगंगा! म्हणजे आमचीच! जिच्यात आम्ही म्हशी धुतल्या ती इंग्लंड, जपान फिरून टीव्हीत आली न आम्ही अँटेनाच फिरवत रायलो.