फंक्शन आहे, पण कुठलं?

परवा अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालणाऱ्या माझ्या सी प्रोग्रॅमचा लॉग आला, फाइल उघडता आली नाही, कारण: (नल). आता कारणच नल म्हटल्यावर काय कप्पाळ शोधणार. माझ्या उबुंटूवर तोच सोर्स नीट नो सच फाइल ऑर डिरेक्टरी छापतोय. ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडली तरी डोक्यात तेच, ऑफिसात पोचल्यावर शेजारचा म्हणाला, अरे अल्पाइन ना, तिथे सी ची लायब्ररी मसल असते, उबुंटूसारखी ग्लिबसी नाही, तू स्ट्रएरर_आर (एरर नंबरचा मजकूर देणारं फंक्शन) वापरलायस का बघ.

वापरलं होतं. हे एकाच नावाचे दोन प्राणी आहेत. ग्लिबसीवर _जीएनयू_सोर्स हा मॅक्रो डिफाइन असेल तर ते कॅरेक्टर पॉइंटर परत देतं, आणि तुमच्या बफरला हात लावेलच असं नाही. पॉझिक्स या स्टँडर्डवालं इंट देतं (शून्य म्हणजे सगळं ठीक), मजकूर बफरमध्ये. मसलमध्ये आणि मॅकवर हेच दुसरं. मी परत आलेलं थेट प्रिंटएफच्या %एस ला दिलेलं, म्हणजे मसलवर शून्य आलं, शून्य म्हणजे नल पॉइंटर, झालं. कंपायलरने वॉर्निंग दिली होती म्हणा, पण आमच्याकडे वॉर्निंगा वाचतो कोण.

कुठलं फंक्शन आहे ते बिल्डच्या वेळीच ओळखायचं, तर सीमेक या बिल्ड टूलमध्ये चेक_फंक्शन_एक्झिस्ट्स होतंच की! पण ते फक्त लिंक होतंय का एवढंच बघतं, सिग्नेचर (काय घेतं, काय परत देतं) नाही. मग टेस्ट प्रोग्रॅम लिहिला, परत आलेलं कॅरेक्टर पॉइंटरमध्ये ठेवलं, तर जुन्या जीसीसीवर तोही वॉर्निंग देऊन पास (जीसीसी १४ पासून हा थेट एरर आहे, बरं केलं)! शेवटी ऑटोकॉन्फ हे जुनं बिल्ड टूल करतं तसं केलं, परत आलेल्या गोष्टीच्या आधी चांदणी (*) लावायची, इंट असेल तर डीरेफरन्स होतच नाही, कंपाइल फसतं, आणि प्रोग्रॅम चालवायचीही गरज नाही, म्हणजे क्रॉस कंपाइलला (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करताना) पण चालतं. फक्त _जीएनयू_सोर्स टेस्टलाही द्या, नाहीतर टेस्ट एका फंक्शनची आणि कोड दुसऱ्याचा.

टेस्ट बदलली तरी उत्तर जुनंच येत होतं त्यात अर्धा तास गेला, सीमेककॅशमध्ये निकाल साठवलेला असतो, बिल्ड फोल्डर उडवला तेव्हा कुठे ताळ्यावर आलं.

आता असंच दोन रूपांचं, सॉर्ट करणारं क्यूसॉर्ट_आर राहिलंय, मॅकवर त्याचे शेवटचे दोन आर्ग्युमेंट लिनक्सच्या उलटे आहेत. ते सोमवारी.