दोष आढळला नाही

मराठवाड्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी सेसना १७२ विमानांचे रेडिओ बघतो. मे महिन्यात एकाच विमानावर तीनदा तोच स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, आला: 'रेडिओ खरखरतो'. दोनदा मी अँटेनाचा कनेक्टर उघडून साफ केला, हेडसेटचे जॅक बदलले, रेडिओ काढून दुसऱ्या विमानातला बसवून पाहिला. जमिनीवर आवाज स्वच्छ. 'दोष आढळला नाही' लिहून सही केली.

तिसऱ्यांदा मागच्या सीटवर बसून गेलो. मांजरा धरणावरून परतताना स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना रेडिओ गप्प ठेवणारी झडप, उघडला तो मिटेचना. मोहरी तडतडावी तशी खरखर, आणि तिच्याखाली कुणीतरी बोलतंय. आमच्याकडे टॉवर नाही. आपण कुठं आहोत ते प्रत्येकानं रेडिओवर सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, एवढीच व्यवस्था.

तेवढ्यात पॅनेलखाली निळा दिवा दिसला. विद्यार्थ्याचा फोन चार्जिंगला.

"काढ ते!"

त्यानं काढला आणि खरखर तुटली. "...फायनल" एवढा शब्द लख्ख ऐकू आला, म्हणजे कुणीतरी उतरायच्या शेवटच्या टप्प्यात होतं. इन्स्ट्रक्टरनी सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायच्या फेरीत, न शिरता बाहेरच एक फेरी मारली.

चार्जर बसस्टँडसमोरचा, दीडशे रुपयांचा. हँगरमध्ये तो विमानाच्या २८ व्होल्टला जोडून हातातला रेडिओ जवळ नेला. वीतभर अंतरावर स्क्वेल्च उघडला. २८ चे ५ व्होल्ट करताना आतला स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे त्या वेगाच्या पटीतल्या लहरी, चढत चढत ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या आमच्या पट्ट्यात येतात. हा पट्टा एएमवर चालतो, म्हणजे आवाज लहरीच्या कमीजास्त ताकदीतून जातो, त्यामुळे असला गोंगाट थेट कानात उतरतो. चांगल्या चार्जरमध्ये फिल्टर असतो. हा मी फोडून पाहिला, आत नावालाही नव्हता. शिवाय सगळ्या फ्रिक्वेन्सी खराब होत नाहीत. आमची होत होती, शेजारची स्वच्छ होती.

इन्स्ट्रक्टर मंडळी रजिस्टरमध्ये 'रेडिओ खराब' एवढंच लिहितात. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, सॉकेटला काय लावलं होतं, हे कुणी लिहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. विमान माझ्यासमोर उभं असतं, तेव्हा चार्जर पोराच्या खिशात असतो.

त्या रात्री जुनं रजिस्टर काढून बसलो. मार्चमध्ये दुसऱ्या विमानावर हाच शेरा होता, खाली माझीच सही. तो विद्यार्थी कोर्स संपवून गेलाय. त्याच्या सॉकेटला काय होतं, ते आता कुणाला विचारू?