गोम

परवा दुपारी सांगलीत विश्रामबागेत रस्ता ओलांडायला उभा होतो, तर समोरून मिरवणूक आली. पुढं डॉल्बी, त्याच्यापुढं नाचणारी पोरं आणि मागं नुकऱ्या, म्हणजे पांढऱ्याशुभ्र घोडीवर घामानं भिजलेला नवरदेव. लोक नवरदेवाकडं बघतात, मी कानांकडं बघतो. घोडीच्या. (नवरदेवाचे फेट्यात होते.)

एक कान डॉल्बीकडं, दुसरा मागं पाठीवरच्या ओझ्याकडं, मागचा एक पाय सैल सोडलेला. बाईसाहेब कंटाळल्या होत्या, बाकी काही नाही. दोन्ही कान मानेला चिकटलेले दिसले असते तर मीच नवरदेवाला उतरवलं असतं. ही खोड जात नाही. बँकेच्या रांगेतही मी पुढच्याचे कान बघत उभा असतो. माणसांचे हलत नाहीत, म्हणून व्यवहारात मार खातो.

आमची घोडी माण तालुक्यात. चुलतभावानं गेटवर ‘स्टड फार्म’ अशी पाटी लावली तेव्हा आज्जी म्हणाली, “आता घोडी विंग्रजीत खिंकाळणार व्हय?” घरात ती पागाच राहिली. समोरच्या वाटेनं धनगरांची भीमथडी तट्टं जायची, पाठीवर अख्खं बिऱ्हाड, वर कोंबड्या, एखादं कोकरू. आबा आमच्या उंच मारवाडी घोड्यांकडं पाठ करून त्या ठेंगण्या तट्टांकडं बघत राहायचे. “मराठ्यांची फौज ह्यांच्यावर फिरली,” म्हणायचे, “तुमच्या ह्या नवरीबाईंवर न्हाई.”

घोडी ११ महिने गाभण राहते आणि विते बहुतेक रात्रीच, तेही आपली पाठ वळल्यावर. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की आबा पागेतच बाज टाकायचे. मला एकदाच सोबत बसू दिलं, २००८ साली. शिंगरू बाहेर आलं तेव्हा मी आधी खुरं बघितली. त्यांच्याखाली मऊ, पांढरट, रबरासारखी झालर होती, आत आईला टोचू नये म्हणून. चार पावलं चाललं की ती झिजून जाते. ते उठायला लागलं, पडलं, परत पडलं. मी पुढं झालो तर आबांनी मनगट धरलं. “हात लावू नगं. त्येचं त्याला उठू दे.” तासाभरात उठलंही. नुकरी कालवड निघाली, म्हणजे शिंगरी. आमच्याकडं बोलायच्या ओघात कालवडच म्हणतात. गुलाबी कातडीची. उन्हानं तिचं नाक भाजायचं, म्हणून मी रोज खोबरेल लावायचो. बाटली संपायची आणि बोलणी ताई खायची.

तिला मोरकी घातली, पुढं तात्यांनी कावा दिला. लांब दोरीवर गोल फिरवतात तो कावा. शाळेत गनिमी कावा शिकवला तेव्हा मला बरेच दिवस वाटत होतं, की महाराजांनी खानाला दोरी लावून गोल फिरवला. फार चुकीचंही नव्हतं म्हणा. तात्या चाबूक नुसता बगलेत धरायचे, काम जिभेच्या चुटचुटीवर चालायचं. पाठीवर आधी रिकामं पोतं, मग अर्धं भरलेलं, आणि तिसऱ्या वर्षी मी. घरात सगळ्यात हलका मीच.

२०१२ ला कडबाच नव्हता. माणसं जनावरं घेऊन छावणीत राहायला गेली. आम्ही तिला अकलूजच्या बाजारात नेली. गिऱ्हाइकानं दात बघितले, खुरं बघितली, चालवून बघितली, आणि शेवटी डाव्या अंगाची आयाळ उचलली. खाली केसांचा आडवा भोवरा. गोम. बाजारात ती अशुभ. ‘यात काहीतरी गोम आहे’ असं येताजाता म्हणणाऱ्या किती जणांनी ती बघितली असेल? मी बघितली होती, खरारा करताना रोज, आणि मला ती शोभेची वाटायची. दर पडला. आबांनी दिली.

विकलेल्या जनावराची चौकशी करायची नाही, असा घरचा नेम. येताना टेंपोत मी तोंड उघडलंच, तर आबा डायव्हरला म्हणाले, “मका काय दरानं गेला वो?”

मिरवणूक चौकात अडली. घोडी माझ्यापासून हातभर अंतरावर. आयाळीत आरसे, गोंडे, लाल-पिवळी लोकर, आणि डाव्या अंगाला सगळ्यात दाट. हात नुसता पुढं करायचा होता. नुकऱ्या घोडी काय, लग्नसराईत शंभर असतात.

“भाऊ, फोटू काढायचाय का?” घोडीवाल्यानं विचारलं.

“नको. नाकाला खोबरेल लावत जा तिच्या,” मी म्हणालो. तेवढ्यात डॉल्बी परत सुरू झाला, त्याला ऐकू गेलं नसावं.