तुम्ही विचारलंत म्हणून: हरणारी टीम कशाला बघता?

"ताई, हरत्यात की त्या सारख्या! मग बघताय कशाला?" विश्रामबागेतल्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपपासून माझ्या धाकट्या जावेपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. टीम म्हणजे डॅलस विंग्ज. अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधली, डब्ल्यूएनबीएमधली. २०२४ मध्ये ४० पैकी ९ मॅच जिंकल्या, २०२५ मध्ये ४४ पैकी १०. तेव्हा विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. शिवाय गाव सांगली. स्मृती मानधनाच्या गावात राहून क्रिकेट सोडून हे काय भलतंच, असा एक पोटप्रश्नही त्यात असतो.

स्मृतीचं बघते की. नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्ल्ड कप आला त्या रात्री मीही जागीच होते. उलट तिचंच उदाहरण देऊन लोक मला धीर देतात. डब्ल्यूपीएलच्या पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, तिची बंगळुरूची टीम सुरुवातीच्या पाचही मॅच हरली होती आणि २०२४ मध्ये कप घेऊन आली. तुमच्या पोरीसुद्धा उद्या जिंकतील, म्हणूनच बघता ना? नाही हो. उद्याच्या आशेवर बसायचं असतं तर मी कधीच दुसरी टीम धरली असती.

मी शाळा-कॉलेजात सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळलेय, गार्ड म्हणून. तेव्हापासूनची खोड अशी की नजर बॉलकडे कमी आणि बॉल नसलेल्या चौघींकडे जास्त जाते. समोरची खेळाडू बॉल घेऊन आत घुसली की आपली एकजण मदतीला धावते. तिने सोडलेल्या बाईकडे दुसरीने सरकायचं, दुसरीची जागा तिसरीने घ्यायची. हे सगळं सेकंदाच्या आत. जिंकणाऱ्या टीममध्ये हे इतकं सफाईनं होतं की काही घडलंय हेच कळत नाही. डॅलसचं मात्र सगळं उघड्यावर. पहिली धावते, दुसरी सरकते, तिसरी बॉल बघत उभी राहते आणि कोपऱ्यात मोकळी राहिलेली बाई आरामात थ्री पॉइंटर टाकते. मग पाचजणी एकमेकींकडे बघतात. स्कोअरबोर्डवर फक्त तीन पॉइंट दिसतात. चूक कुणाची हे शोधायला मी मॅच मागे घेऊन पुन्हा बघते. माझा मुलगा म्हणतो, आई तू मॅच बघत नाहीस, पेपर तपासतेस.

२१ ऑगस्ट २०२५ ची सकाळ तर विसरणं शक्य नाही. कृष्णा चढत होती. घरातले बाकीचे फोन आयर्विन पुलाची पातळी किती झाली यासाठी, माझा लॉस एंजेलिसच्या मॅचसाठी. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. पेज बेकर्स, डॅलसची नवी पोरगी, पहिलाच सीझन. तिने २१ शॉट घेतले, त्यातले १७ आत. एकूण ४४ पॉइंट. नवख्या खेळाडूचा एवढा स्कोअर त्याआधी एकदाच झाला होता, १९९७ मध्ये, सिंथिया कूपरचा. आणि तरी मॅच ८१-८० अशी हरलो, कारण शेवटच्या क्षणाला त्यांच्या केल्सी प्लमने बास्केट केली. सासूबाईंनी आतून विचारलं, "किती झालं?" मी म्हटलं, "एकानं गेली." त्यांना वाटलं पाणी फूटभर उतरलं.

ही पोरगी आली ती ड्राफ्टमधून, म्हणजे टीम नंबरानं नव्या खेळाडू निवडतात त्यातून. प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, चुकलेल्या टीमची सोडत निघते आणि मागच्या दोन वर्षांत जी जास्त हरली तिला निवडीचा पहिला नंबर मिळण्याची शक्यता जास्त. मला हा प्रकार पहिल्यापासून खटकतो. कुंडलच्या मैदानात चितपट झालेल्याला पुढच्या वर्षी कुणी मानाची कुस्ती देत नाही. आणि पहिल्या नंबरनं टीम उभी राहते असंही नाही. बेकर्स रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातली सर्वोत्तम नवी खेळाडू झाली, टीमनं मात्र आदल्या वर्षीपेक्षा एकच मॅच जास्त जिंकली, तीही चार मॅच जास्त खेळून.

पोरींना खेळता येत नाही, असं कुणी म्हटलं की मी नलिसा स्मिथचं नाव घेते. २०२५ च्या जूनअखेरीस डॅलसनं तिला लास व्हेगासला देऊन टाकलं. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगास चँपियन, नलिसा त्यांच्या सुरुवातीच्या पाचात. चार महिन्यांत ती काही नव्यानं बास्केटबॉल शिकली नव्हती. तिच्या आजूबाजूच्या चौघींना कुठं सरकायचं ते ठाऊक होतं, एवढाच फरक.

मग डॅलसला का ठाऊक नसतं? माझं मत: कुणी टिकतच नाही. २०१९ ते २०२५ मध्ये चार कोच झाले. ब्रायन अ‍ॅग्लर, विकी जॉन्सन, लॅट्रिशिया ट्रॅमेल, ख्रिस कोक्लेन्स. ट्रॅमेलबाईंनी २०२३ मध्ये टीम सेमीफायनलला नेली. पुढच्या वर्षी दुखापतींनी टीम मोडली आणि बाईंना नारळ. कोक्लेन्सला तर एकच सीझन. प्रत्येकाची बचावाची पद्धत वेगळी. एकीची पाठ होईपर्यंत दुसरी सुरू.

हे घराणंच तसं आहे म्हणा. पूर्वी ही टीम डेट्रॉइटला होती, तिथं तीनदा चँपियन झाली. २०१० मध्ये तुल्सा, २०१६ पासून डॅलस. तुल्सात २०११ मध्ये ३४ पैकी ३ मॅच जिंकल्या, ओळीनं २० हरल्या. ती रांग तोडणारी बास्केट केली शेरिल स्वूप्सनं, वयाच्या चाळिशीत. माझ्या वयाच्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

पैशाचंही एकदा ऐका, कारण "अमेरिकेत काय, कोट्यवधी मिळत असतील" हेही विचारलं जातं. बेकर्सचा २०२५ चा लीगमधला पगार साधारण ७९ हजार डॉलर होता, म्हणजे सत्तर लाखांच्या आत. आपल्या स्मृतीला २०२३ च्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले होते, महिन्याभराच्या स्पर्धेसाठी. जाहिरातींचे पैसे वेगळे, दोघींनाही. हे सांगितल्यावर फिरायच्या ग्रुपमध्ये थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग विषय कांद्याच्या भावावर गेला.

२०२६ च्या ड्राफ्टची सोडत निघाली तेव्हा पहिला नंबर पुन्हा डॅलसलाच. जाऊबाई म्हणाल्या, "मग झालं की काम!" मी तिकडे फारसं बघतच नाही. मला बघायचाय तो नवा कोच, होजे फर्नांडिस. माणूस एकाच विद्यापीठाच्या टीमबरोबर पंचवीस वर्षं होता. त्याला निदान तीन सीझन हात लावू नका, एवढंच माझं मागणं आहे. पण डॅलसवाले सांगलीला कधी विचारणार!