तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा देवमासा दिसत कसा नाही?

जहाजावर असतो म्हटलं की कुणीतरी हे विचारतंच. ऐंशी-नव्वद फुटांचं जनावर जहाजाच्या धडकेत मरतं, आणि तुम्हाला दिसत नाही? आवाजावरून कळतं की त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: आम्हाला बघायचंच नसतं. इतकी वर्षं मी दोन वाक्यांत विषय संपवत आलो. आज नीट सांगतो.

मी आयुष्य काढलं त्या कंटेनर जहाजांचा ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, मागच्या बाजूला असते. समोर कंटेनरच्या थप्प्यांवर थप्प्या. नाकापुढचं पाणी आम्हाला दिसत नाही. दोन जहाजांची लांबी किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी, तेवढा पट्टा झाकला गेला तरी आंतरराष्ट्रीय नियमाला चालतं. अठरा नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटरला, तो पट्टा ५४ सेकंदांत संपतो. त्याच्या आधी दिसला, तरी इंजिन पूर्ण उलटं फिरवून तीनशे मीटरचं जहाज थांबायला काही किलोमीटर घेतं. रडारवर ती ओली पाठ लाटांच्या कचऱ्यात हरवते. आणि रात्री? निळे देवमासे रात्री पृष्ठभागाजवळ जास्त वेळ असतात, हे त्यांच्या अंगावर यंत्रं चिकटवून केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. आम्ही सर्वांत कमी पाहतो, तेव्हाच.

मग पुढचा प्रश्न येतो: तो का बाजूला होत नाही? जहाजाचा मोठा आवाज प्रोपेलरचा, म्हणजे मागचा. तो पुढे जाताना जहाजाचं अंगच त्याच्या आड येतं, त्यामुळे नाकासमोर आवाज कमी पोचतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ जहाजं जवळून जाताना निळे देवमासे काय करतात ते नोंदवलं गेलं, तर ते बाजूला पळाले नाहीत. काही जण सावकाश खाली गेले, एवढंच. एवढ्या मोठ्या जनावराला अंगावर चाल करून येणाऱ्या गोष्टीपासून पळायची सवय लागणार तरी कुठून?

हे सगळं खरं आहे, पण माझ्या सोयीचंही आहे.

तेव्हा मी सेकंड ऑफिसर होतो. रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, माझा, आणि पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाची वाट आखणं, तेही माझं. नकाशावरची रेघ मी मारायची, कॅप्टनने सही करायची. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्राजवळून जाणारी वाट जगातल्या सर्वांत गजबजलेल्या वाटांपैकी एक. तिथला समुद्रतळ किनाऱ्यापासून फार दूर न जाता एकदम खोल होतो. तिथे खाणं मिळतं म्हणून निळे देवमासे असतात, आणि तिथूनच आम्हीही जातो. मला हे ठाऊक होतं. पण माझ्या लेखी ती माहिती होती, प्लॅनमध्ये धरायची गोष्ट नव्हती. रेघ नेहमीच्या जागी मारली.

पुढच्या बंदरात पायलट, म्हणजे जहाज बंदरात नेणारा वाटाड्या, चढला. जहाजं ओढणारी टग बोट पुढे आली आणि तिचा कप्तान रेडिओवर म्हणाला, 'कॅप्टन, तुमच्या बल्बवर काहीतरी आहे.' बल्ब म्हणजे जहाजाच्या नाकाखाली, पाण्याच्या पातळीजवळ पुढे आलेला गोल फुगवटा. कॅप्टनने मला पुढे पिटाळलं. फोकसलवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवरून, वाकून पाहिलं तेव्हा आधी कळलंच नाही. मला वाटलं, ताडपत्री अडकली आहे. मग गळ्याखालच्या लांब चुण्या दिसल्या, एकाला एक समांतर, जणू कुणी फणी फिरवली असावी. देवमासा बल्बवर आडवा दुमडला होता. एक पर प्रत्येक लाटेबरोबर उचलला जात होता आणि पडत होता. मी तेवढंच बघत राहिलो. जिवंत असल्यासारखा वाटत होता तो पर. वास नंतर आला.

इंजिन उलटं फिरवलं तेव्हा तो सुटला आणि तरंगत बाजूला गेला. कॅप्टन म्हणाले, 'आधीच मेलेला असणार. तरंगत होता, अडकला.' डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, त्यानेही मान डोलावली, मीही. दुपारी एक छोटी बोट आली, हातमोजे घातलेली माणसं होती, मोजमाप चाललं होतं. मेलेल्या अंगावर आपटलं तर हाडं मोडतात, पण मोडलेल्या जागी रक्त साकळत नाही. म्हणून ते आत कापून बघतात, हे मला खूप पुढे कळलं. त्यांना काय सापडलं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

पण मी त्या संध्याकाळी एक गोष्ट केली होती, जी कुणाला सांगितली नाही. लॉग उघडून मागचे आकडे पाहिले. डोंड्रा मागे पडल्यानंतर, माझ्याच वॉचमध्ये, वेग अर्ध्या नॉटने उतरला होता आणि पुन्हा वर आलाच नव्हता. इंजिनाचं लोड थोडं चढलं होतं. पहाटे चीफ इंजिनिअरने फोन करून विचारलंही होतं. मी म्हणालो होतो, 'प्रवाह उलटा असेल.'

धक्का जाणवला का, असं विचारू नका. नाही जाणवला. एवढ्या जहाजाला जाणवत नाही.

त्याच्याही आधीचा मी मला आठवतो. थर्ड ऑफिसर असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागलो होतो. तिथे २००८ पासून ठरावीक महिन्यांत, ठरावीक पट्ट्यांत ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची मर्यादा आहे, राइट व्हेल या जातीच्या देवमाशांसाठी. तिथले आता चारशेच्या आत उरले आहेत. मी चिडून म्हणालो होतो, दहा नॉटने काय होणार, धडक ती धडकच. चूक होतं ते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८.६ नॉटला धडक जीवघेणी ठरायची शक्यता २१ टक्के होती आणि १५ नॉटला ७९ टक्के. म्हणजे दिसला की नाही हा प्रश्नच मुळात उशिराचा. वेग आणि रेघ, दोन्ही बंदर सोडण्याआधी ठरतात.

मग का नाही बदलत, असं तुम्ही म्हणाल. बदलतात. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरातली जहाजांची वाट २००३ मध्येच राइट व्हेलपासून दूर सरकवली गेली. डोंड्राला एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आपणहून सुमारे १५ मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. पंधरा मैल! समुद्रात ते अंतर काहीच नाही. पण माझ्यासारख्याला चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा, मेल येतो, पोचायची वेळ विचारणारा, आणि त्याला 'देवमासे आहेत' असं लिहिताना हात अडखळतो. उशीर भरून काढायला पुढे वेग वाढवला तर तो धोका दुसऱ्या कुठल्या तरी देवमाशावर ढकलला जातो, हेही डोक्यात असतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी वेग वाढवलाही आहे.

आता मी कॅप्टन आहे. गेल्या खेपेला डोंड्रा रात्रीच आलं. सेकंड ऑफिसरला रेघ दक्षिणेकडे घ्यायला लावली होती आणि बाराच्या वॉचला मीही ब्रिजवर थांबलो. सव्वादोनच्या सुमारास वेग ०.३ नॉटने खाली आला. तो पोरगा म्हणाला, 'सर, प्रवाह असेल.'

बहुधा प्रवाहच होता. मी उजाडताच फोकसलवर माणूस पाठवला. जहाज भरलेलं होतं, बल्ब पाण्याखाली, काही दिसलं नाही. वेळ आणि पोझिशन लॉगबुकात लिहायला सांगितली. कशासाठी, असं त्याने विचारलं नाही. वेग दुपारपर्यंत तेवढाच होता.