खिंडीखालच्या दोन गार रात्री आणि न बिघडलेला बोर्ड

सहा दिवसांच्या प्रवासातले चार दिवस छान गेले, त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते खिंडीखालच्या दोन रात्रींबद्दल. मोटरहोममध्ये गॅसवर हवा तापवणारी फर्नेस असूनही आम्ही दोघं कुडकुडत बसलो आणि वर तिच्या नव्या कंट्रोल बोर्डाचे, म्हणजे फर्नेस चालवणाऱ्या सर्किटचे, पैसेही मोजले. जुना बोर्ड ठणठणीत होता.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास थंडीने जाग आली. ब्लोअर, म्हणजे फर्नेसचा पंखा, फिरत होता, हवा मात्र गार. थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा लावला, तरी तेच. सकाळी निघायच्या आधी इंजिन सुरू केलं आणि फर्नेस लगेच पेटली. खरं तर उत्तर इथेच होतं, पण डोकं चाललं नाही. वर्कशॉपमध्येही इंजिन चालूच होतं, तिथेही ती बिनतक्रार पेटली. तरी मेकॅनिकने ‘बोर्ड गेलाय’ म्हणून बदलायला लावला. दुसऱ्या रात्री पुन्हा गार हवा. फोन केला तर म्हणाला, ‘सेल स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाका.’

असं करून झोपू नका. कुणीही सांगितलं तरी नाही. सेल स्विच म्हणजे ब्लोअरच्या हवेने ढकललं जाणारं पत्र्याचं एक पातळ पान. ब्लोअर साधारण ७५ टक्के वेगाला पोचला की ते सरकतं आणि बारीक ‘टक्’ होतं. त्यानंतरच बोर्ड गॅस सोडतो. आतल्या खोलीची हवा आणि ज्वालेची हवा ढकलणारी दोन्ही चाकं एकाच मोटरवर असतात. मोटर मंदावली तर धूर बाहेर फेकला जात नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म चालतोय याची खात्री झाल्याशिवाय रात्री फर्नेस लावूच नका.

पहाटे मी टॉर्च तोंडात धरून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. ब्लोअर फिरत असताना फर्नेसच्या टोकाशी १०.२! मधले दोन व्होल्ट गेले कुठे? निगेटिव्ह वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बोल्टने बसवली होती, तिथे हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि तो जोड हाताला चांगलाच गरम लागत होता. इंजिन चालू असलं की १४ च्या आसपास मिळतात, त्यातले दोन गेले तरी ब्लोअरचं भागतं. रात्री नुसत्या बॅटरीवर नाही. बॅटरीची वायर काढली, पॉलिश पेपरने बोल्ट चकचकीत घासला, सगळं पुन्हा आवळलं. थर्मोस्टॅट लावला. ब्लोअर, टक्, पंधरा-वीस सेकंद, ठिणगीची टिकटिक, आणि भप्प! दोघंही ओरडलो.

तुमची अडली तर आधी कान द्या. ब्लोअर फिरतोय पण टिकटिकच नाही: व्होल्टेज किंवा सेल स्विच. पानावर केस, धूळ अडकलीय का तेही बघा. टिकटिक होते पण पेटत नाही: गॅस. सिलिंडरमध्ये ब्युटेन जास्त असेल तर शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, तिथे प्रोपेनच हवा. पेटते, काही मिनिटं चालते, मग ज्वाला विझून नुसता पंखा फिरतो: लिमिट स्विच. तो बहुतेक वेळा आपलं कामच करत असतो, फर्नेस जास्त तापली म्हणून उघडून वीज तोडतो. गरम हवेच्या झरोक्यापुढची बॅग आधी हलवा, स्विच नंतर बदला.

मल्टिमीटरने तपासताना स्विचच्या दोन टोकांवर शून्य आलं तर तो बंद, म्हणजे वीज पुढे जातेय. सुमारे १२ व्होल्ट दिसले तर तो उघडा, तिथेच अडलंय. बरेच बोर्ड तीनदा प्रयत्न करून लॉक होतात, म्हणून मोजायच्या आधी थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा लावा.

सुटा सेल स्विच सोबत ठेवा असं सगळे सांगतात. ठेवा, पण मल्टिमीटर आणि पॉलिश पेपर आधी. आणि इंजिन बंद ठेवून, घरून निघण्यापूर्वी एक अख्खी रात्र फर्नेस चालवून बघा.