सालानंतरचा स्वल्पविराम

इंग्रजी वाक्यात महिना, दिवस आणि साल या अमेरिकी क्रमाने तारीख लिहिली, तर दिवसानंतर स्वल्पविराम द्यायचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु वाक्य पुढे चालू राहणार असेल तर सालानंतरही तो द्यावा लागतो, याकडे एरवी काटेकोर लिहिणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. ‘ऑन जुलै २०, १९६९, टू मेन लँडेड ऑन द मून’ या वाक्यात १९६९च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम आहेत, कारण येथे साल हे आधीच्या तारखेला दिलेली जोड मानले जाते. त्यातला एकच देणे म्हणजे कंस उघडून तो तसाच सोडून देणे होय.

खरी अडचण येते ती तारीख वाक्याच्या मध्यभागी असताना. ‘द लँडिंग ऑफ जुलै २०, १९६९, वॉज शोन ऑन टेलिव्हिजन’ असे लिहिताना हात अडखळतो, कारण कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम देऊ नये, हा नियम मनात पक्का बसलेला असतो. तो नियम एकट्या स्वल्पविरामापुरता आहे. जोडीने आलेले स्वल्पविराम कर्त्याला क्रियापदापासून तोडत नाहीत. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ हा अमेरिकी प्रकाशनविश्वातला प्रमाण ग्रंथही सालानंतरचा स्वल्पविराम आवश्यक मानतो. वार जोडला तर त्याच्यानंतरही स्वल्पविराम येतो. नुसता महिना आणि साल असेल तर मात्र मध्ये काहीच लागत नाही.

ब्रिटिश पद्धतीची ‘२० जुलै १९६९’ ही तारीख मला अधिक पसंत आहे, कारण दोन आकड्यांच्या मध्ये महिन्याचे नाव असल्यामुळे ते एकमेकांना भिडत नाहीत आणि चिन्हाची गरजच उरत नाही. अशी तारीख वाक्यारंभी आली तर तिच्यानंतर काही जण स्वल्पविराम देतात, पण तो वाक्याच्या सुरुवातीच्या पदबंधासाठी असतो, तारखेसाठी नव्हे. तीच तारीख वर दिलेल्या दुसऱ्या वाक्यात मध्यभागी ठेवून पाहावी: ‘द लँडिंग ऑफ २० जुलै १९६९ वॉज शोन ऑन टेलिव्हिजन’. येथे एकही स्वल्पविराम लागत नाही. म्हणूनच ‘२० जुलै, १९६९’ असे लिहिलेले दिसले की मी तो स्वल्पविराम काढून टाकतो. ब्रिटिश क्रमाला तो नको असतो आणि अमेरिकी क्रमात महिन्यानंतर त्याला जागाच नाही.